कावेरीकाठच्या प्राण्यांचं पंचांग

(कुंभकोणम इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

कुंभकोणमच्या माझ्या मराठी बंधूभगिनींनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांचे विद्यार्थी सकाळी मला एक आठवण सांगत होते. गुरुजी मुलांना कावेरीवर न्यायचे आणि परतताना एकच प्रश्न विचारायचे, “आज नदीत कोण कोण होतं?” मुलं माणसांची नावं सांगायची. गुरुजी म्हणायचे, “आणखी?” आजचं माझं सगळं व्याख्यान म्हणजे त्या “आणखी?”चं उत्तर आहे.

इथून पश्चिमेला, कावेरीच्या काठाकाठानं निघालं की थोड्या वेळात कपिस्थलम लागतं. तिथला देव गजेंद्रवरद. गजेंद्रमोक्ष तिथेच झाला अशी या भागाची श्रद्धा आहे. ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. हत्ती पाण्यात उतरला, मगरीनं पाय धरला, हत्तीनं कमळ उचलून धावा केला, देव धावून आला, हत्ती सुटला. पण मगरीचं काय झालं? कथेत त्याचंही उत्तर आहे. ती मगर म्हणजे हूहू नावाचा शापित गंधर्व, आणि चक्र लागताच त्याचाही शाप सुटला. सुटका दोघांची झाली, आठवण मात्र आपण एकाचीच ठेवली. आज मी त्या दुसऱ्याची आणि त्याच्यासारख्या इतरांची बाजू मांडायला उभा आहे.

विषय आहे, कठीण जागी वन्य प्राणी कसे वागतात आणि कसे तगतात.

आता कठीण जागा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? राजस्थानचं वाळवंट, लडाखचा बर्फ. कुंभकोणम कोणाच्या डोळ्यांपुढे येणार? हे तर तमिळनाडूचं भाताचं कोठार. दोन बाजूंना कावेरी आणि अरसलार, उत्तरेला कोळ्ळिडम, गावात पावलागणिक तळं. इथे प्राण्यांना कसली अडचण?

क्षणभर माणूस म्हणून विचार करू नका, नदीतली मगर म्हणून करा. प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी तुम्ही नदीची पूजा करता, तेव्हा ती भरलेली असते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस येतो आणि त्याच्या जोडीला बंगालच्या उपसागरातली वादळं. मग फेब्रुवारी उजाडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच नदीच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळतात. वाळवंटातल्या प्राण्याला निदान एवढं ठाऊक असतं की इथे कायम कोरडंच असणार. इथल्या प्राण्याला एकाच वर्षात, एकाच पत्त्यावर, पूरही काढायचा आहे आणि वाळवंटही. शिवाय समुद्राकडे जावं तसं मीठ वाढतं. आणि माणूस? माणूस सगळीकडेच. पिकलेला हिरवा प्रदेश हा आपल्यासाठी सुखाचा असतो, रानातल्या जिवासाठी तो बहुधा अवघडच असतो.

मग इथे कोण टिकतं? बलवान टिकतो, असं आपण शाळेत शिकलो. माझं आजचं म्हणणं वेगळं आहे. अवघड जागी टिकतो तो वेळ ओळखणारा. तुम्ही महामहमचे लोक, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि इथे महामहम. दोन्ही गावं आकाशाकडे पाहून नदीत कधी उतरायचं ते ठरवतात. प्राण्यांचंही असंच एक पंचांग असतं. ते कागदावर नसतं, अंगात असतं. त्या पंचांगाची चार पानं मी आज तुमच्यापुढे उलगडणार आहे. पहिलं पान थांबण्याचं, दुसरं कमीत भागवण्याचं, तिसरं शेजाराचं आणि चौथं, सगळ्यांत नाजूक, सावकाश जगण्याचं.

पहिलं पान, थांबणं.

मी सावित्रीच्या काठचा, महाडचा. आमच्या नदीत मगरी आहेत. लहानपणी मला वाटायचं, मगर म्हणजे सतत शिकारीच्या मागे असलेला प्राणी. पुढे प्राणिशास्त्र शिकवायला लागलो आणि ध्यानात आलं की मगरीचं खरं कसब शिकारीपेक्षा थांबण्यात आहे. तिचं रक्त थंड, म्हणजे अंग गरम ठेवण्यासाठी तिला आपल्यासारखं रोज अन्न जाळावं लागत नाही. ती ऊन अंगावर घेऊन तापते आणि पाण्यात शिरून निवते. त्यामुळे कित्येक महिने न खाताही ती राहू शकते. आपल्याला एकादशी जड जाते!

नदी आटली की मगर काय करते? काठाच्या मातीत बीळ खोदते. चांगलं लांब भुयार, आणि आत वळता येईल एवढी खोली. बाहेर वाळू पायाला चटके देते, आत गारवा असतो. जवळपास एखादा डोह उरला असेल तर तिचा मुक्काम तिथे. डोहाला तुम्ही तमिळमध्ये मडू म्हणता. हा शब्द ध्यानात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

आणि याच कोरड्या दिवसांत मगर अंडी घालते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वाळूत खड्डा करते, पंचवीस-तीस अंडी घालते, वाळू सारखी करते. अंडी उबायला दोनेक महिने लागतात. हा मुहूर्त पाहा. अंडी कोरड्यात, कारण ओल्या वाळूत ती कुजतील किंवा पुरात वाहून जातील. पिल्लं पाण्याच्या तोंडावर, कारण बाहेर पडताच त्यांना पाणी, किडे आणि बेडूकमासळी हवी. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू हीच त्यांची सूतिकागृहाची खोली. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. आई वाळू उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्याशी नेते. ज्या जबड्याची आपल्याला भीती वाटते, तोच त्यांचा पाळणा असतो. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत नर मगरही पिल्लं उचलून नेताना दिसलेला आहे. १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संस्था उभी केली, तेव्हा देशातल्या मगरी कातड्यासाठी मारून मारून संपत आल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली आणि मगर वाचली. ही आपल्या देशाची खरी कमाई आहे.

थांबणारी मगर एकटी नाही. तुमच्या तळ्यातलं मऊ पाठीचं कासव, ज्याला तुम्ही पाल आमै म्हणता, तेही तळं आटू लागलं की चिखलात शिरतं. वरची माती वाळून भेगाळते, आणि खाली कासव श्वास-हालचाल कमीत कमी ठेवून पावसाची वाट पाहत राहतं. मरळ मासा तर तुम्हाला बाजारातून ठाऊक आहे, तुमचा विराल. तो पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो, म्हणून नुसत्या ओलसर गाळातही तग धरतो. बेडूक जमिनीत उतरतात. आणि पहिला मोठा पाऊस पडला की एका रात्रीत शेतं बेडकांनी दणाणून जातात, मोठ्या बेडकांचे नर लिंबासारखे पिवळे होऊन माद्यांना साद घालतात. कोकणात हे दृश्य मृगात दिसतं. पाऊस वेगळा, महिना वेगळा, पण पंचांग तेच.

कोरड्या तळ्याकडे पाहून आपण म्हणतो, इथे काही नाही. मित्रहो, तिथे सगळे आहेत, फक्त ते थांबलेले आहेत. आणि नेमकी त्याच वेळी आपली यंत्रं तळ्यात उतरतात, नदीतून वाळू उचलतात, काठ तासून सरळ करतात. आपल्याला ती रिकामी जागा वाटते. त्यांच्यासाठी ते भरलेलं घर असतं.

दुसरं पान, कमीत भागवणं.

कुंभकोणमहून आग्नेयेला गेलं की शंभरेक किलोमीटरवर जमीन संपते आणि कोडिक्करै येतं, नकाशावरचं पॉइंट कॅलिमेर. १९६७ साली इथे अभयारण्य झालं, २००२ साली रामसर यादीत नाव गेलं. सलीम अलींनी या जागेचं मोल ओळखलं, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवून त्यांचे प्रवास शोधण्याचं काम इथे अनेक दशकं केलं.

ही जागा कशी आहे? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण आणि मिठागरं, मधे वाळूचा उंचवटा, गवत आणि कोरडं काटेरी जंगल. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. हा गोडा थर पातळ आहे, आणि तोच इथल्या सगळ्या जिवांचा आधार.

अशा ठिकाणी काळवीट राहतं. आमच्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीला राहतं तेच काळवीट. काळविटाचं हत्यार काय? शिंगं म्हणाल, तर ती मुख्यतः आपसातल्या झुंजीसाठी. शत्रूपासून त्याला वाचवतात त्याचे डोळे आणि त्याचा वेग. म्हणून त्याला उघडं माळरान लागतं, दूरवर दिसेल असं. हिरवं गवत असेल तेव्हा ते चरतं, गवत वाळलं की शेंगांकडे वळतं. इथेच गाठ पडते. वेड्या बाभळीच्या, म्हणजे तुमच्या सीमै करुवेलमच्या, गोड शेंगा त्याला आवडतात. बी पचत नाही, लेंड्यांतून माळावर पडतं आणि रुजतं. वेडी बाभूळ वाढते, गवत हटतं, माळ बंद होतो. म्हणजे दुष्काळात ज्या शेंगेनं काळविटाला जगवलं, तीच शेंग त्याचं माळरान गिळते. यात त्याचा दोष कोणता? हे झाड मूळचं परदेशी, इथे ते माणसानं आणलं. हजारो वर्षांच्या त्याच्या पंचांगात ही तिथी कधी नव्हतीच.

त्याच खाजणात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, तुमचे पूनारै. जिथे मिठामुळे मासे टिकत नाहीत तिथे ते थव्यानं जेवतात. मान खाली, चोच उलटी, आणि जीभ पंपासारखी मागे-पुढे. पाणी आत, पाणी बाहेर, चोचीच्या गाळणीत उरतं ते अन्न. अंगात गेलेलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथीतून बाहेर टाकायचं. जे पाणी इतरांना जगू देत नाही, त्यावर यांचा संसार. उजनीच्या जलाशयावर आणि ठाण्याच्या खाडीत लोक यांना पाहायला गर्दी करतात. पाहून झाल्यावर एक प्रश्न मनाशी धरावा. मिठावर जगणारा हा पक्षी मिठामुळे अडत नाही, मग तो कशामुळे अडेल? खाजणाला येणारी पाण्याची वाट बंद झाली की अडेल. भराव घातला की अडेल.

आता वादळाची गोष्ट. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गजा चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या मधे जमिनीवर आलं. इथल्या अनेकांनी ती रात्र जागून काढली असेल. नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, माणसं गेली. कोडिक्करैचं जंगल उन्मळून पडलं आणि पाण्याच्या लोंढ्यात हरणं वाहून गेली. काही कलेवरं कारैकलच्या किनाऱ्याला लागली. जी वाचली ती उंचवट्यावर पोचलेली. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा त्याच माळावर चरत होती. वादळ इथे नवं नाही, काळविटांनी अशी वादळं पिढ्यानपिढ्या सोसली आहेत. पण सोसायला उंचवटा उरावा लागतो, आणि वादळानंतर परतायला माळ उरावा लागतो.

तिसरं पान, शेजार.

इथे मी जरा वेगळ्या वाटेनं येतो. १८२८ साली या कुंभकोणमात एका मराठी घरात एक मूल जन्मलं. पुढे ते सर टी. माधवराव झाले, त्रावणकोरचे, इंदूरचे आणि शेवटी बडोद्याचे दिवाण. हे तुमचं भूषण, तुम्हाला मी काय सांगणार? मला सांगायचं आहे ते बडोद्याच्या नदीबद्दल. माधवराव जिथे दिवाण होते, त्या शहराच्या मधून विश्वामित्री वाहते, आणि त्या नदीत आज शेकडो मगरी राहतात. लाखो वस्तीच्या शहरात, पुलांखाली, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या कडेला! ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर आणि अंगणांत आल्या. लोकांनी वन विभागाला आणि प्राणिमित्रांना बोलावलं, मगरी उचलल्या गेल्या आणि पाणी ओसरल्यावर नदीत परत सोडल्या गेल्या. सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत, चिपळूणला वाशिष्ठीत आहेत, आमच्या सावित्रीत आहेत.

आणि तुमच्याकडे? अणैकरैला. इथून उत्तरेला कोळ्ळिडमवर १८३६ च्या सुमारास आर्थर कॉटन यांनी बंधारा बांधला. बंधाऱ्याच्या आसपास पाणी साचून राहतं, म्हणून मगरीही राहतात. पुढे चिदंबरमच्या बाजूला गावतळ्यांत, कालव्यांत मगरी शिरतात. वन विभाग त्यांना पकडतो आणि वक्कारमारीच्या तळ्यात नेऊन सोडतो. अणैकरैला मगरींसाठी संवर्धन केंद्र करण्याची घोषणाही सरकारनं केलेली आहे.

हा शेजार सुखाचाच आहे असं मी म्हणणार नाही. कोळ्ळिडमच्या काठी मगरीच्या हल्ल्यात माणसं जखमी झाली आहेत, काही प्राणाला मुकली आहेत. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला मगरीचं महत्त्व सांगत बसणं हा निर्दयपणा होईल. पण हल्ला का होतो, हे समजून घेणं तर आपल्याला भाग आहे ना? मघाचा मडू आठवा. उन्हाळ्यात नदी आटते, एक डोह उरतो. मगरीला तोच हवा, गुरांना तोच हवा, कपडे धुणाऱ्या बाईला तोच हवा, पोहायला निघालेल्या मुलांना तोच हवा. त्याच महिन्यांत काठावर मगरीची अंडी असतात. भांडण स्वभावाचं नाही, जागेचं आणि वेळेचं आहे. आणि जागेचं भांडण सोडवता येतं. पलीकडे श्रीलंकेत नदीच्या घाटाला लाकडी खांबांचं कुंपण घालून आत अंघोळीची जागा करतात. ‘किंबुला कोटुवा’ म्हणतात त्याला, मगरीपासूनचा कोट. माणूस कुंपणाच्या आत, मगर बाहेर. किती साधी गोष्ट!

शेजारधर्म प्राणीही पाळतात. पाणमांजर घ्या. मराठी माणसानं याला पाण्यातलं मांजर म्हटलं, तमिळ माणसानं नीरनाय, म्हणजे पाण्यातला कुत्रा. खरं तर तो ना मांजर ना कुत्रा, पण दोघांनी आपापल्या अंगणातला प्राणी त्याच्यात पाहिला. कावेरीतली पाणमांजरं कुटुंबानं राहतात. चार-आठ जण अर्धगोल करून मासे उथळाकडे हाकतात, अगदी कोळ्यांनी जाळं ओढावं तसे. टोळी असेल तर मगरीलाही हुसकावतात. पण माणसाची चाहूल लागली की झुडपात. जिथे वर्दळ फार, तिथे त्यांची मासेमारी पहाटे आणि सांज झाल्यावर.

कोल्हाही तसाच, तुमचा नरी. दिवसा दिसत नाही, पण रात्री भातखाचरांच्या बांधावर उंदीर आणि खेकडे वेचत फिरतो. हे फक्त इथलंच नाही. जगभरच्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासांचा आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा वावर असेल तिथे हे प्राणी रात्री अधिक हिंडू लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे आपण दिवस घेतला, तर त्यांनी तक्रार न करता रात्र घेतली. आमच्या जुन्नरकडे बिबट्यानं ऊस घेतला. उंच, दाट, पाणी असलेला ऊस, त्याला जंगलच वाटला. मादी उसात पिल्लं देते आणि तोडणी सुरू झाली की पिल्लं उघडी पडतात. तिनं शेताचं पंचांग वाचायचा प्रयत्न केला, पण कारखान्याचं वेळापत्रक तिला कसं कळावं? त्यामुळे माणसंही दगावतात आणि बिबटेही.

चौथं पान, सावकाश जगणं. हे वाचताना माझं मन जड होतं.

तुमच्या तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मनोरा आहे. सरफोजी महाराजांनी, दुसऱ्या सरफोजींनी, १८१४-१५ च्या सुमारास तो उभारला, नेपोलियनविरुद्धच्या इंग्रजांच्या विजयाची खूण म्हणून. मजल्यावर मजले चढत गेलेला तो मनोरा आजही पाल्कच्या उपसागराकडे पाहत उभा आहे. महाराज ग्रंथांचे आणि ज्ञानाचे वेडे. सरस्वती महाल ग्रंथालय आज जगाला ठाऊक आहे ते त्यांच्यामुळे. त्यांच्या मनोऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात एक प्राणी राहतो, डुगाँग. आपण समुद्रगाय म्हणू, कोळी लोक कडल पसू म्हणतात, आवुळिया म्हणतात.

तीन मीटरभर लांब, तीन-चारशे किलो वजन, आणि आहार? समुद्राच्या तळावरचं गवत, रोज तीस-चाळीस किलो. दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यायचं, पुन्हा खाली जाऊन चरायचं. मादी वर्षाहून जास्त काळ गर्भ वागवते, एका वेळी एकच वासरू, आणि पुढचं वासरू तीन ते सात वर्षांनी. आयुष्य मात्र सत्तर वर्षांपर्यंत. हे गणित मांडून पाहा. जिथे शत्रू कमी आणि अन्न मुबलक, तिथे सावकाश जगणं हा उत्तम मार्ग आहे. पण एक मादी जाळ्यात गुदमरली, तर ती जागा भरून यायला किती वर्षं लागतील? मगर थांबू शकते, कोल्हा रात्र घेऊ शकतो. समुद्रगायीनं काय करायचं? श्वास तर तिला घ्यावाच लागणार. तिच्या पंचांगात जाळ्यावर उतारा नाही. आपल्या देशात आता त्या दोन-अडीचशेच्या आसपास उरल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मग कोण वाचवणार तिला? उत्तर आशेचं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारनं तंजावर आणि पुदुक्कोट्टैच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. मनोऱ्याजवळ संवर्धन केंद्राचीही योजना आहे. पण कागदावरच्या क्षेत्रापेक्षा मला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी जाळ्यात अडकलेल्या समुद्रगायी जाळं कापून सोडून दिल्या आहेत. जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. रात्रभराची मेहनत, डिझेलचा खर्च, आणि वर स्वतःच्या हातानं कापलेलं जाळं. सरकार त्यांचा सत्कार करतं, नुकसानीसाठी पैसे देतं, ते योग्यच आहे. पण सुरी उचलली त्या क्षणी समोर सत्कार नव्हता, गुदमरणारा जीव होता. गजेंद्राच्या हाकेला देव धावला होता, इथे कोळी धावले.

आता चारही पानं एकत्र ठेवू. थोडक्यात सांगायचं तर, अवघड जागी तगणारे प्राणी चार गोष्टी करतात. वाईट दिवसांत ते थांबतात. मिळेल त्यात भागवतात. शेजाऱ्याची वेळ पाहून आपली वेळ बदलतात. आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही, ते सावकाश जगतात आणि आपल्या दयेवर उरतात. या चारही रीतींच्या मुळाशी एक गृहीत आहे. नदी ठरल्या वेळी येईल, वाळू जागेवर राहील, माळ उघडा राहील, समुद्रतळी गवत असेल. मेट्टूरचं धरण १९३४ साली पुरं झालं. तेव्हापासून नदीची तिथी दरवाजावर ठरते. शेतीसाठी ते हवंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंचांग आपण बदललं, तर बदललेल्या पंचांगात त्यांच्यासाठी चार तिथी राखून ठेवणं हेही आपल्याच अंगावर येतं.

शेवटी तुम्हाला काही मागणार आहे. पाहुण्यानं मागू नये, पण मी स्वतःसाठी मागत नाही.

पहिलं, तुमच्याकडे एक धन आहे जे पुण्या-मुंबईत कोणाकडे नाही. प्रत्येक प्राण्याची दोन नावं तुमच्या घरात आहेत. मगर आणि मुदलै, पाणमांजर आणि नीरनाय, मरळ आणि विराल. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, नीरनाय शेवटचा कधी पाहिला? कुठल्या घाटावर? कुठल्या डोहात? ते लिहून ठेवा. तुमच्या पूर्वजांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून ठेवला. तुम्हाला नदीचा इतिहास वहीत लिहिणं जड नाही.

दुसरं, गावतळ्याचा जीर्णोद्धार करताना चारही बाजूंना दगडी भिंत घालू नका. एक काठ मातीचा, उतरता ठेवा. कासवाला चढायला आणि बेडकाला उतरायला तेवढा पुरतो.

तिसरं, मगरी असलेल्या गावांत उन्हाळ्यापुरते कुंपणाचे घाट मागा. पंचायतीकडे मागा, वन विभागाकडे मागा. माणसाचा जीव वाचला तरच मगरीचा वाचेल.

आणि चौथं, सगळ्यांत महत्त्वाचं. २०२८ साली महामहम येतो आहे. लाखो लोक इथे स्नानाला येतील, घाट बांधले जातील, पात्रं साफ होतील, तळी उपसली जातील. त्याच्या तयारीच्या बैठका होतील तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी उभं राहून गुरुजींचा प्रश्न विचारावा, “नदीत आणखी कोण आहे?”

प्रथेप्रमाणे जानेवारीच्या अखेरीस मेट्टूरचे दरवाजे बंद होतील आणि पाणी ओसरू लागेल. त्या आठवड्यात आपल्या गावाजवळचा एक डोह निवडा, एकच मडू. जूनपर्यंत तिथून वाळू उचलू देऊ नका, त्याचं पाणी उपसू देऊ नका, त्याचा काठ तासू देऊ नका. तिथे जे थांबलेले आहेत, त्यांना पाणी येईपर्यंत थांबू द्या.